भेटीचा रविवार

“आजपासून भेटी बंद,” वृद्धाश्रमाचे डॉक्टर म्हणाले आणि जेवणघरातले चमचे थांबले.

शहरात त्या विषाणूची साथ पुन्हा डोकं वर काढत होती. मागच्या साथीत तळमजल्यावरची माणसं एकामागून एक जाताना डॉक्टरांनी पाहिली होती. तेव्हापासून कुठे खोकल्याचा आवाज आला, की ते हातातलं काम टाकून धावत.

“आम्हाला कुणी विचारलं?” कोपऱ्यातल्या टेबलावरून वकीलबाईंनी विचारलं. कोर्ट सुटून जमाना झाला होता, वाद घालायची खोड तेवढी सुटली नव्हती.

“बाई, हा आजार हवेतून पसरतो. तुमच्याच जिवासाठी चाललंय हे.”

“माझ्या शेजारच्या खाटेवरची मैत्रीण आजाराने गेली नाही. मागच्या साथीत भेटी बंद झाल्या आणि तिने जेवण सोडलं. दाराकडे तोंड करून पडून असायची. तिला कुठल्या आकड्यात धरलंत?”

डॉक्टरांनी उलट विचारलं, “आणि एका पाहुण्यापायी अख्खा मजला आजारी पडला तर?”

“म्हणून अंगणात भेटायचं. मोकळ्या हवेत, मास्क लावून. ज्याला जरा बरं नाही, त्याने फाटकातूनच परत जायचं.”

“त्याला परत कोण पाठवणार? मी एकाला अडवलं, तर त्याची आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही.”

“मी बसते फाटकात. माझ्याशी बोलायचं टाळून दाखवावं कुणी.”

हशा पिकला. मग अंगणातल्या भेटींच्या बाजूने हात वर झाले. ज्यांचे खांद्याच्या वर जात नव्हते, त्यांनी जमेल तेवढे केले. डॉक्टरांनी मान डोलावली. मनातून त्यांना पटलं नव्हतं.

रविवारी वकीलबाई फाटकाशी खुर्ची टाकून बसल्या. रांगेत सगळ्यात पुढे त्यांचीच मुलगी होती. एकुलती एक. मागची साथ सुरू व्हायच्या आधी भेटून गेली होती, ती आत्ता येत होती.

“प्रवास कसा झाला?”

“बरा झाला. घसा तेवढा धरलाय कालपासून.” मुलीने हसत पाऊल पुढे टाकलं.

वकीलबाईंनी काठी आडवी धरली.

“आई, मी आहे.”

“दिसतंय मला. परत जा. बरी झालीस की ये.”

डॉक्टर लगबगीने अंगणातून आले. “बाई, राहू द्या. इतक्या लांबून आलीय पोर. दोन मिनिटं लांबूनच बोला, मी सांभाळून घेतो.”

“आज हिला सोडलं, तर उद्या कुणाला अडवू? आणि अडवता आलं नाही, तर तुम्ही पुन्हा दार लावाल. तेव्हा भांडायला मला तोंड राहणार नाही.”

मुलगी वळली. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत वकीलबाई बघत राहिल्या.

मग त्यांनी काठी बाजूला घेतली.

“हं, पुढचे कोण? चला लवकर, आत वाट बघतायत.”