खसखसची खिचडी

कन्हैयालालने पाकिटातला दाणा नखाने फोडला, हुंगला आणि काउंटरवर टाकून दिला. चाळीस वर्षं जळगावात डाळीचा व्यापार केलेला माणूस तो. दाण्यातलं आपल्याला कळतं तेवढं दुनियेत कुणाला कळत नाही, असं त्याचं स्वतःचंच मत होतं.

"याला तुम्ही खाणं म्हणता? आमच्या गिरणीतला कोंडा याच्यापेक्षा बरा निघायचा."

पिंप्राळ्यातल्या जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर ललित हसले नाहीत. "शेठजी, शाकाहारी पाकीट तुम्हीच मागितलंत. मी तर म्हणतोय, मांजराला मांस-मासळी लागतेच. नाही मिळाली तर आधी डोळे जातात, मग हृदय. हिची सुरुवात झालीय."

टेबलावर खसखस बसली होती. नात जिनल शिकायला पुण्याला गेली आणि जाताना हे मांजर आजोबांच्या गळ्यात मारून गेली. बरगड्या मोजता येत होत्या. वाटी शोधताना ती हल्ली नाक आपटून घ्यायची.

"सात पिढ्यांत आमच्या घरात अंडं आलेलं नाही," कन्हैयालाल म्हणाला. "ही आमची आहे. आमच्यासारखंच खाईल."

"मग आंधळी झाली की दाखवायला आणू नका."

कन्हैयालालने मांजर पिशवीत घातलं आणि रिक्षात बसेपर्यंत डॉक्टरच्या शिक्षणाचा उद्धार केला.

घरी प्रेमकुंवरने सगळं ऐकून घेतलं आणि नाक मुरडलं. धर्माच्या बाबतीत ती नवऱ्याच्या दोन पायऱ्या वरच उभी असे. "अहो, सांगून ठेवते. मासळीचा वास उंबऱ्याच्या आत आला, तर हे मांजर केळीच्या पहिल्या ट्रकने रावेरला. आणि आणणाऱ्यालाही त्याच ट्रकमध्ये बसवीन."

"मला सांगतेस?" कन्हैयालाल फिस्कारला.

त्या दिवसापासून खसखसची खिचडी सुरू झाली. जुना तांदूळ, त्याने स्वतः निवडलेली मुगाची डाळ, वर घरचं तूप. शेजाऱ्यापाजाऱ्यांना थांबवून थांबवून तो हे ऐकवायचा आणि पाकिटं विकत घेणाऱ्यांच्या अकलेची कीव करायचा.

दर बुधवारी मात्र त्याला धुळ्याला जावं लागे. जुना आडत्या जीवराम अंथरुणाला खिळलाय, असं तो घरी सांगायचा. त्याच्यासाठी स्टीलच्या डब्यात तो खिचडी न्यायचा. आजाऱ्याच्या घरून आलो म्हणून परतल्यावर आधी गच्चीवर जाऊन डबा घासायचा, मग आंघोळ करायचा. त्या दिवशी त्याची सामायिक, म्हणजे जैनांची ध्यानाची बैठकही तासभर लांबायची. म्हातारपणी माणूस धर्माला लागला, असं लोक कौतुकाने म्हणत.

प्रेमकुंवरचं माहेर धुळ्याचंच. तीही हल्ली सोमवारी भावाला भेटून यायची आणि मंगळवारी कडकडीत उपवास करायची. कशाचा, असं विचारलं तर म्हणायची, "तुम्हाला काय करायचंय?" कन्हैयालालला मेहुण्याच्या चिक्कूपणाची खात्री होती. त्याच्या घरचं जेवण आठवूनच हिची भूक मरत असणार, असं तो मनात म्हणायचा.

चार महिन्यांनी त्याने खसखसला मुद्दाम डॉक्टरच्या टेबलावर नेऊन ठेवलं. अंग तुपासारखं तुकतुकीत. डॉक्टरांनी डोळ्यांत टॉर्च मारला, पुन्हा मारला.

"डोळे उत्तम आहेत. काय देता?"

"मुगाची खिचडी. लिहून घ्या, कामाला येईल."

"वजन मात्र जास्त आहे, शेठजी. दोन घरचं खाते की काय?"

"तुमच्या पुस्तकात नसलेलं काही दिसलं की तुम्हाला खोट दिसते," कन्हैयालाल म्हणाला. डॉक्टरांनी वजन कार्डावर लिहून घेतलं. डॉक्टरला हरवल्याचा आनंद त्याला दोन दिवस पुरला.

बुधवारी तो नेहमीसारखा धुळ्याला उतरला. जीवराम वारून दोन वर्षं झाली होती, त्यामुळे त्याच्या गल्लीकडे वळायचं काही कारण नव्हतं. डब्यातली खिचडी त्याने स्टँडबाहेरच्या गाईपुढे ओतली, नाकाला रुमाल बांधला आणि मच्छीबाजारात कमलबाईच्या पाटीसमोर जाऊन उभा राहिला. पेनाच्या टोकाने त्याने एका माशाचा कल्ला उचलून पाहिला.

"हा कालचा."

"बठ्ठा माल आजना शे, शेठ."

"मला शिकवू नकोस. कल्ला पांढरा पडलाय. माझं मांजर असलं खात नाही."

कमलबाईने बर्फाखालून दुसरा मासा काढला. दर वेळेप्रमाणे तो उकडायला टाकून ती काटे काढायच्या तयारीला लागली. तिला हसू आवरत नव्हतं.

"तुम्हीन आनि ती सोमवारनी अक्का, दोन्हीजन सारखाच. ती बी आशीच कल्ला देखीसन लेस. मांजरकरताच. उकडीसन डबामा लई जास. तुम्हना जळगावनीच शे."

"जळगावची?" कन्हैयालालने रुमालाआडून तोंड वाकडं केलं. "चांगल्या घरची बाई असली कामं करते? कोण आहे ती?"

"तिनं नाव नही सांगस," कमलबाई म्हणाली. "पन मांजरनं नाव खसखस शे. आनि दर सोमवारले माले बजावस, मालकले समजाले नको."