मागचा सूर

“परत,” मिस्टर पेटवे म्हणाले, आणि त्यांना खोकला आला.

सुलेखाने थर्मासमधला आल्याचा चहा ओतून त्यांच्यापुढे धरला. ॲन आर्बरमधल्या त्यांच्या घराचं हे तळघर. भिंतींवर जुन्या रजया टांगलेल्या, मध्ये दोन मायक्रोफोन, कोपऱ्यात टेपचं मोठं मशीन. मशीनच्या दिव्यावर त्यांनी काळी चिकटपट्टी लावली होती. लाल उजेडाने डोळे चुरचुरतात, असं ते म्हणत.

पस्तीस वर्षांपूर्वी लूशियस पेटवे गाणार म्हटलं की डेट्रॉइटच्या क्लबांबाहेर रांग लागे. त्या तऱ्हेच्या गाण्याला रिदम अँड ब्लूज हे नाव तेव्हा नवीनच पडलं होतं. पुढे ते इतरांची गाणी बसवून त्यांच्या रेकॉर्ड काढू लागले. मग त्यांची कंपनी बंद पडली. आता, १९८५ साली, ते युनिव्हर्सिटीतले पियानो ट्यून करत. जानेवारीत शिकागोच्या एका लहानशा कंपनीचं पत्र आलं होतं. पंधरा मार्चपर्यंत एक नवीन गाणं पाठवा, पसंत पडलं तर रेकॉर्ड काढू.

“एकाहत्तराव्या वर्षी असं दुसरं पत्र येत नाही, मिस सुलेखा,” ते म्हणाले होते.

त्यांची ओळख महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत झाली. मंडळाने भाड्याने घेतलेल्या चर्चच्या हॉलमधला पियानो ट्यून करायला ते आले होते. सुलेखा आत कोशिंबिरीसाठी काकड्या चोचवत गुणगुणत होती. काम झाल्यावर बायकांनी त्यांना आग्रहाने जेवायला बसवलं. मग जानेवारीत एकदम फोन. साथीला याल का?

“मी गात नाही,” तिने सांगून टाकलं. खोटं नव्हतं ते. पुण्याच्या रेडिओ स्टेशनवर दोनदा ऑडिशन दिली. दोन्ही वेळा लाल दिवा लागला आणि आवाज घशातच राहिला. त्याला नऊ वर्षं झाली होती.

“गाऊ नकाच. माझा दम तुटला की तेवढा सूर धरा. नुसती तालीम. टेप महाग आहे. माझा घसा ठीक झाला की मशीन लावू.”

एवढं तिला जमण्यासारखं होतं. गुरुजींच्या मागे तंबोरा घेऊन ती अकरा वर्षं बसली होती. गुरुजींना ठसका लागला, पाणी प्यायचं झालं, की मागच्याने सूर धरायचा आणि ते परतले की निमूट बाजूला व्हायचं. त्याला कोणी गाणं म्हणत नसे. ती सेवा.

म्हणून दर शनिवारी दुपारी ती यायची. गाण्यात शब्द जवळजवळ नव्हतेच. सगळा सूरच. मिस्टर पेटवे सुरुवात करत आणि दुसऱ्या ओळीतल्या लांब सुरावर तुटत. ती आकार लावून तो सूर धरे, ते सावरेपर्यंत. जानेवारीत ते लगेच सावरत. फेब्रुवारीत अख्खी ओळ सोडू लागले. हाताने खूण करत, चालू द्या.

“आज कुठपर्यंत पोचले तुझे काका?” परतताना गाडीत उल्हासने विचारलं. नवरा तिला न्यायला यायचा, पण थीसिसचं काम घेऊन गाडीतच बसायचा.

“हसू नकोस. पहिल्या ओळीतच थांबले.”

“म्हणजे उलटाच प्रवास चाललाय. अगं, मग बाकीचं गाणं कोण म्हणतं?”

“कोणी नाही. मी फक्त भरते.”

“काय भरतेस?”

“जागा. तुला नाही कळायचं.”

“नाहीच कळत यार,” उल्हास म्हणाला. “पण डॉक्टरकडे ने त्यांना. मंडळातल्या त्र्यंबककाकांची अपॉइंटमेंट मिळेल मला.”

तिने पुढच्या शनिवारी डॉक्टर त्र्यंबकांचं नाव काढलं. मिस्टर पेटवे म्हणाले, “डॉक्टर गाणं बंद करायला सांगतात. पंधरा तारखेनंतर जाऊ.”

नऊ मार्च हा मुदतीआधीचा शेवटचा शनिवार. तिने मिऱ्यांचा काढा करून नेला. त्यांनी तो तोंड वाकडं करत संपवला, मायक्रोफोनपाशी उभे राहिले, आणि पहिल्याच सुराला त्यांनी मान हलवली. आवाज नाही. हात मात्र वर गेला. चालू द्या.

सुलेखाने सूर धरला. आता येतील, आता येतील, असं मनाशी म्हणत ती त्यांच्यासाठी वाट मोकळी ठेवत राहिली. दुसरी ओळ गेली, तिसरी गेली. ते येईनात. मग त्यांच्या गाण्याला निदान शेवट तरी मिळावा म्हणून ती वर चढली, तिथे थांबली आणि सावकाश खाली उतरली. डोळे उघडले तेव्हा ते खुर्चीत बसले होते, डोळ्यांवर हात धरून.

“पुरे,” ते म्हणाले. “आता घरी जा, मिस सुलेखा.”

गाडीत ती रडली. “नाही होणार त्यांची रेकॉर्ड. एक ओळसुद्धा नाही रे राहिली.”

उल्हासने थीसिसचे कागद मागच्या सीटवर टाकले आणि गाडी सुरू केली.

एप्रिलमध्ये शिकागोहून जाड पाकीट आलं, तिच्या नावाने. आत करार होता. गाणं अतिशय पसंत आहे. निर्माता, लूशियस पेटवे. गायिका, सुलेखा. खालच्या रेघेवर गायिकेने सही करावी.

“गोंधळ झालाय त्यांचा,” ती म्हणाली. “नावं चुकवलीत.”

“मग फोन कर काकांना.”

“फोनवर कसं सांगू? त्यांच्या जागी माझं नाव. काय वाटेल त्यांना?”

ती कॅम्पसच्या बसने निघाली. बर्फ वितळलं होतं. मिस्टर पेटव्यांच्या तळघराची खिडकी पहिल्यांदाच उघडी होती. मशीनच्या दिव्यावरची काळी चिकटपट्टी काढलेली होती, आणि आत ते एकटेच तेच गाणं म्हणत होते. पहिली ओळ झाली. दुसरीतल्या त्या लांब सुरावर ते आले, सुलेखाने सवयीने श्वास भरून घेतला. पण मिस्टर पेटव्यांनी तो सूर धरला, धरून ठेवला, त्याच दमात वर नेऊन दोनदा फिरवला आणि हसत हसत खाली आणला.