राखेतले खिळे

सकाळचा क्रम ठरलेला होता. वनरक्षक उजाडण्यापूर्वी गस्तीवर निघे. त्याआधी त्याच्या वडिलांनी लोखंडी शेगडी पेटवलेली असे. लाकूड कोठारातून आणणे हे काम त्यांचे होते आणि त्याला ते कुणाला हात लावू देत नसत. नवरा गेला की सून शेगडीखालचा राखेचा डबा ओढी, राख चाळी, उरलेले निखारे परत आत टाकी आणि निवलेली राख पायऱ्यांवरच्या बर्फावर पसरी, म्हणजे कुणाचा पाय घसरू नये.

त्या सकाळी चाळणीत खिळा राहिला. काळवंडलेला, बोटभर लांबीचा. आठवड्यातला हा तिसरा.

तिने तो फडक्यात पुसला आणि आधीच्या दोन खिळ्यांबरोबर काडेपेटीत ठेवला. झाडांना काही खिळे लागत नाहीत. म्हणजे बाबा घरातले काहीतरी जाळत होते.

पानगळीत ते नातीला ओढ्याकाठी विसरून एकटेच घरी आले होते. त्या रात्री नवऱ्याने शहरातल्या वृद्धाश्रमाला पत्र लिहिले. ते अजून फळीवर होते. बर्फगाडीवरून महिन्यातून एकदा येणारा पोस्टमन उद्या यायचा होता. "तू लक्ष ठेव," नवरा म्हणाला होता. "आणखी एकदा काही झालं, तर पत्र जाईल. पोर दिवसभर त्यांच्यापाशी असते."

ती लक्ष ठेवत होती. पहिल्या दोन खिळ्यांचे तिने नवऱ्याला सांगितलेही होते. सासऱ्यांच्या खोलीचे दार हल्ली कायम लोटलेले असे. भरदिवसा आतून करवतीचा आवाज येई, आणि ती दाराशी पोचेपर्यंत थांबे. "काय चाललंय, बाबा?" विचारले, की उत्तर येई, "सुताराला काय विचारतेस? तुझ्यासाठी महाल बांधतोय."

आज आजोबा आणि नात अंगणातली वाट मोकळी करत होते. नात फावड्यावर बसून हुकूम सोडत होती. सुनेने दार ढकलले.

आत पलंग नव्हता. गादी जमिनीवर होती. कपाटही नव्हते, आणि कामाचे बाकडे अर्धेच उरले होते. तिन्ही भिंतींना टेकवून ओंडके उभे केले होते, हारीने. तिने एकाला हात लावला. गार, ओला, बोटांना चीक लागला. खिडकीच्या काचा वाफेने आंधळ्या झाल्या होत्या.

"कुलूप नव्हतं म्हणून शिरलीस, की असतं तरी शिरली असतीस?"

सासरे मागे उभे होते. टोपीवर बर्फ होता.

तिने काडेपेटी उघडून पुढे धरली. "हे कशाचे, बाबा?"

ते खिळे डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी पाहिले. "बाकड्याचे. सगळे उपटतो मी आधी. हे दिसले नसणार." मग हलकेच खाली, गादीवर, बसले. "कोठारात मागच्या वर्षीचं वाळकं लाकूड होतं ना, ते संपलं. आता आहे ते सगळं ओलं. पेटत नाही, नुसतं फुसफुसतं."

"पण रास तर छताला टेकलीय!"

"रास उत्तम लावलीय लेकानं. पहिल्यांदाच एकट्यानं भरली. पण झाडं पानगळीत तोडली. लाकूड उन्हाळाभर वाळायला हवं. हे मी सांगायला विसरलो की तो ऐकायला विसरला, देव जाणे." त्यांनी टोपीवरचा बर्फ झटकला. "मीच विसरलो असणार."

"मग त्यांना सांगायचं सरळ."

"सांगितलं, तर उद्याच भरल्या बर्फात वरच्या कड्यावर जाईल वाळकी झाडं पाडायला. एकटा. हट्टी आहे. माझ्यावर गेलाय." त्यांनी भिंतीकडे बोट दाखवले. "पंधरा दिवस काढायचे. मग ही लाकडं वाळून पेटतील."

बाहेरून नात ओरडत होती, "आजोबा, तुमची सुट्टी संपली!"

संध्याकाळी नवरा आला. बूट काढता काढताच त्याने विचारले, "राखेत आज काही मिळालं?"

मेजापलीकडे सासऱ्यांचा चमचा वाटीत थबकला. त्यांना ऐकू येत नाही असे नवऱ्याला उगाचच वाटे.

"मिळाला एक खिळा," ती भाकरी मोडत म्हणाली. "पण तो माझाच. जुनं खोकं फोडून जाळते आहे मी. तुम्हाला सांगायचं विसरले."

"तू विसरलीस?"

"विसरले. मलाही पाठवायचं असेल तर उद्या पोस्टमन येतोच आहे."

नात खुदकन हसली. नवरा हसला नाही. त्याने बायकोकडे जरा जास्तच वेळ पाहिले, मग वडिलांकडे, मग शेगडीकडे. शेगडी चांगली धगधगत होती. अखेर तो उठला, फळीवरचे पत्र काढून त्याने खणात टाकले आणि खण लावून घेतला.

दुसऱ्या दिवशी तो गस्तीवर गेल्यावर तिने राखेचे काम उरकले. मग आपली कपड्यांची लाकडी पेटी रिकामी केली. लुगडी-पातळे गादीखाली घडी घालून ठेवली आणि पेटी ओढत सासऱ्यांच्या खोलीत आणली. लग्नानंतर त्यांनीच ती करून दिली होती.

त्यांनी एकदा पेटीकडे पाहिले, आणि करवत उचलली.

"थांबा, बाबा."

ती जमिनीवर बसली. पक्कड घेतली आणि एकेक खिळा सावकाश उपटून काढला. सगळे काढून झाल्यावर तिने डोळे मिटले, प्रत्येक फळीवरून दोन्ही बाजूंनी तळहात फिरवला, आणि मगच ती त्यांच्याकडे सरकवली.