सकाळचं पान

"आज वार कोणता?" असं डॉक्टरांनी विचारलं आणि म्हाताऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेला माणूस, आणि त्याला वार विचारायचा.

"शुक्रवार. तुमच्या घड्याळात गुरुवार दिसतोय. ते दाखवा कुणाला तरी."

डॉक्टरांनी मनगट बाहीत ओढून घेतलं. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं, तर म्हातारा न अडखळता खाली उतरत गेला. काल रात्री काय जेवलात, हेही विचारून झालं.

"लेकीच्या हातचं. विसरायचा प्रयत्न चाललाय."

लेक दाराला टेकून उभी होती. डॉक्टर तिनेच आणले होते. बाबांचं डोकं ठिकाणावर नाही, एकटं ठेवण्यासारखे ते राहिले नाहीत, एवढं त्यांनी लिहून दिलं की वृद्धाश्रमवाले ठेवून घेणार होते. खोलीही बघून झाली होती. यातलं काहीच म्हाताऱ्यापासून लपलेलं नव्हतं. तिनेच तोंडावर सांगितलं होतं. स्वयंपाकाला बाई टिकत नाही तुमच्याकडे, रोज धावत येऊन माझी नोकरी जायची वेळ आलीय, आता बस झालं. यावर तो म्हणाला होता, बाईला मीठ कळत नव्हतं आणि तुलाही कळत नाही. लेक त्याच्यावरच गेली होती. वाईट बोलायची, पण खोटं कधी बोलायची नाही.

डॉक्टरांनी बॅग बंद केली. "मला तरी यांच्यात काही—"

"बाबा," लेक म्हणाली, "ते पानफुटीचं सांगा ना डॉक्टरांना."

किती तरी दिवसांनी तिचा आवाज मऊ झाला होता. म्हातारा विरघळलाच. गॅलरीतल्या कुंडीकडे बोट दाखवून तो भडाभडा बोलू लागला.

"त्याचं पान सकाळी चाखलं तर आंबट लागतं आणि संध्याकाळी फिकं. तेच झाड, तेच पान. मी रोज चाखतो."

"रोज?" डॉक्टरांनी लेकीकडे पाहिलं.

"रोज. कडक उन्हाच्या, कोरड्या मुलखातली झाडं ही. दिवसा तोंड उघडलं तर अंगातलं पाणी उडून जाईल. म्हणून दिवसभर तोंड मिटून बसतात. रात्री उघडतात, हवा आत घेतात आणि तिचं आम्ल करून पानात साठवतात. मग दिवसा दारं लावून तेच आम्ल उन्हावर वापरायचं. संध्याकाळपर्यंत संपलं की पान फिकं."

"असं झाड सांगतं तुम्हाला?" लहान मुलाशी बोलावं तशा सुरात डॉक्टर म्हणाले.

"झाड कशाला सांगेल? जीभ सांगते."

"आत्ता चाखून बघा ना तुम्हीच," लेक म्हणाली.

समोरच्या भिंतीवरचं ऊन उतरत आलं होतं. डॉक्टरांनी गॅलरीत जाऊन एका पानाचा कोपरा तोडून चावला. "गवतासारखं लागतंय."

"संध्याकाळ आहे ही. सकाळी या."

"सकाळी माझा दवाखाना असतो, आजोबा." डॉक्टर लेकीजवळ सरकले. "हे असं कधीपासून बोलतात?"

"मी लहान होते तेव्हापासून."

तेव्हा कुठे म्हाताऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडला. हिला सगळं माहीत आहे. शाळेची वेणी घालून होण्याआधी हिच्या तोंडात हे पान मीच तर कोंबायचो, आणि ही एक डोळा मिटून हसत सुटायची. डॉक्टरांना संध्याकाळचं बोलावलंय ते उगाच नाही. त्याचं डोकं भणाणलं. पण ओरडावं तर वेड्यात निघायचं, म्हणून तो मूग गिळून बसला.

डॉक्टर तसे भले होते. जाता जाता लेकीला म्हणाले, "असं करा, उद्या सकाळी तुम्हीच चाखा आणि मला फोनवर सांगा. आंबट असेल तर प्रश्नच मिटला. नसेल, तर चिठ्ठी लिहून ठेवतो."

म्हातारा त्या रात्री शांत झोपला. लेक कितीही कडू असो, खोटं बोलणारी नव्हती. पान आंबट असणारच होतं.

सकाळी ती आली ती थेट गॅलरीत गेली. म्हातारा मागोमाग गेला आणि कठड्याला धरून उभा राहिला. तिने पान तोडलं, धुतलं आणि सबंधच तोंडात घातलं. दात बसले मात्र, तिचा एक डोळा गच्च मिटला, गाल आत ओढले गेले आणि मान वाकडी झाली. अगदी तश्शी. म्हाताऱ्याला हसूच आलं.

"लागलं ना?" तो म्हणाला. "लाव आता फोन."

तिने लावला. पान थुंकली नाही, तोंडातच एका बाजूला धरून ठेवलं.

"हो डॉक्टर, चाखलं आत्ताच," ती म्हणाली. म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. तिने तोंडात सुटलेलं पाणी गिळलं.

"फिकं आहे."

एक डोळा अजून मिटलेलाच होता.