वाटेवरच्या म्हाताऱ्यासाठी

नव्या राष्ट्राध्यक्षांचं नाव पाद्रीबाबांच्या तोंडून निघालं आणि बाकांवरून असं दणदणीत ‘आमेन’ उठलं, की सिबिलाच्या मांडीवरचं तीन आठवड्यांचं पोर दचकून रडायला लागलं.

तिने त्याला थोपटलं. चर्चच्या मधल्या वाटेपलीकडे, पुरुषांच्या बाजूला, तिचा नवरा लोरेन्झ पहिल्या बाकावर होता. मुद्दाम बसवला होता. पेनसिल्वेनियातल्या या जर्मन खेड्यात आज तोच नवरदेव. जुन्या सरकारविरुद्ध बंदूक घेऊन उभा राहिलेला, फाशीची शिक्षा झालेला लोरेन्झ! आता ते सरकारच पडलं होतं. जॉन ॲडम्स निवडणूक हरले, जेफरसन आले, आणि गावातल्या सफरचंदाच्या दारूला आठवडाभर खळ नव्हता.

पाद्रीबाबांनी चिठ्ठ्या हातात घेतल्या. दर रविवारचा नेमच तो. घरचं कुणी आजारी असलं किंवा दूरच्या वाटेला लागलं असलं, की चिठ्ठी द्यायची, नाव आणि नातं लिहून. मग सगळा गाव मिळून त्याच्यासाठी देवाला हात जोडायचा.

एका सासूचा खोकला झाला, एका भाच्याचा मोडका पाय झाला. शेवटच्या चिठ्ठीशी पाद्रीबाबा अडखळले.

“वाटेवरच्या एका म्हाताऱ्यासाठी. राजधानीहून मॅसॅच्युसेट्सला, आपल्या घरी निघालाय. थंडी आहे, त्याचे दात पडलेत, निरोप द्यायलाही कुणी आलं नसेल. देवा, त्याला सुखरूप घरी ने.” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “सिबिला, नाव नाही लिहिलंस.”

सिबिला उभी राहिली. “जॉन ॲडम्स.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग एकच गलका झाला.

“डोकं ठिकाणावर आहे का तुझं?” तिचा थोरला दीर बाल्थझार ओरडला. तो चर्चचा पंच होता, गावचा सुतारही तोच. “घरांवर कर कुणी बसवला? त्याच म्हाताऱ्याने ना? आणि करासाठी खिडक्या मोजायला आलेल्या माणसावर माडीवरून उकळतं पाणी ओतणारी कोण होती?”

“मीच होते, भाऊजी. परत आला तर परत ओतेन.”

बायकांच्या बाजूला खसखस पिकली.

“कराचं भांडण कराशी,” सिबिला म्हणाली. “मी माणसाबद्दल बोलतेय.”

कर बसल्यावर याच बाकावर, त्या नावाची प्रार्थना आली की ती ओठ घट्ट मिटून बसायची. आणि त्याच माणसाने, लोरेन्झच्या फाशीला दोन दिवस उरले असताना, स्वतःच्या मंत्र्यांचं न ऐकता माफीच्या कागदावर सही केली होती. बाल्थझारने भावासाठी शवपेटी करून ठेवली होती. ती आता गोठ्यात होती आणि तिच्यात घोड्याचे ओट भरलेले होते. रोज ओट काढताना सिबिलाला भरून यायचं. ‘एकदा चारचौघांत त्याचे आभार मानू या,’ असं ती लोरेन्झला दहा महिने सांगत होती, आणि तो ‘पुढच्या रविवारी’ म्हणत होता. पुढच्या रविवारी म्हातारा घरी पोचलेला असेल. वाट संपल्यावर वाटेची प्रार्थना कसली?

“नियम म्हणजे नियम,” बाल्थझार हटेना. “चिठ्ठी फक्त नात्यातल्या माणसाची. हा ना आपल्या चर्चचा, ना आपल्या भाषेचा. विचारा तिला पाद्रीबाबा, नातं काय?”

“सिबिला,” पाद्रीबाबा अवघडून म्हणाले, “नातं काय सांगतेस?”

तिने लोरेन्झकडे पाहिलं. तो मांडीवरच्या टोपीची कड चाचपत होता. त्याचे कान लालबुंद झाले होते. आज हा उठला नाही, तर याला रोज जेवायला वाढू, पण याच्याबरोबर प्रार्थनेला काही आपल्याला उभं राहता येणार नाही, असं तिला वाटून गेलं.

लोरेन्झ उठला. टोपी बाकावर ठेवून त्याने मधली वाट ओलांडली आणि तो बायकांच्या बाजूला आला. प्रार्थना चालू असताना त्या चर्चमध्ये असं कुणी केलं नव्हतं. त्याने तिच्या हातून पोर घेतलं, मानेखाली नीट हात धरला आणि तो भावासमोर जाऊन उभा राहिला.

“दादा, मागच्या मे महिन्यात तू माझ्यासाठी फळ्या तासत होतास.”

बाल्थझारची नजर पोरावर गेली.

“त्या शुक्रवारी मला टांगलं असतं, तर हा कुठून आला असता?” लोरेन्झचा आवाज फुटला. “मोज महिने. आणि मला सांग, त्या म्हाताऱ्याचं नि आमचं नातं काय म्हणून लिहायचं.”

मोजायला कुणाला बोटं लागली नाहीत. पोर रडायचं थांबलं होतं आणि काकाच्या दाढीकडे टकाटका बघत होतं. सिबिलाचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती.

पाद्रीबाबांनी चिठ्ठी पुन्हा डोळ्यांशी धरली. “वाटेवरच्या एका म्हाताऱ्यासाठी...”

“थांबा,” बाल्थझार म्हणाला. कुणाच्याच नजरेला नजर न देता तो हळूहळू उभा राहिला. “वाटेतल्या डेलावेअर नदीचा बर्फ फुटायला लागलाय. होडीत जपून बसायला हवं त्याने. तेवढं देवाच्या कानावर घाला.”