फोटो नसलेला माणूस

"आधी कपाळ. डोळे सगळ्यात शेवटी," रहेमानचाचा म्हणाला, तसा रंजितानं नुकताच काढलेला डोळा फडक्यानं पुसून टाकला.

पांढरकवड्याच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या कचेरीत दोघं बसले होते. समोरच्या भिंतीवर जुन्या शेठजींचं शंभर वर्षांपूर्वीचं तैलचित्र होतं. रंजिता त्याचीच नक्कल करत होती. पागोट्याची सावली, नाकाचं हाड, गालावरचा उजेड. रहेमान स्वतःही तरुणपणी याच चित्रावरून शिकला होता.

त्याचा धंदा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पण कापसानं दगा दिलेल्या त्या सालांत पाट्या कमी झाल्या आणि गेलेल्या माणसांच्या तसबिरी वाढल्या. लोक फोटो घेऊन यायचे. तांड्यावरची रंजिता मात्र रिकाम्या हातानं आली होती.

"फोटो नाही, चाचा. मलेच शिकवा. चेहरा माह्या डोळ्यात हाय."

"शेवटचं कवा पाह्यलं त्याले?"

"मिरगाच्या आधी. दारात बाजेवर बसून चहा पेला. लय गोड बोलला. मंग गेला तो गेलाच."

रहेमाननं एक ब्रश तिच्या हाती दिला. असल्या जखमेवर बोट कशाला ठेवायचं?

हिवाळा सरत आला तरी ती शेठजींपाशीच अडकली होती. कातडीचा रंग चिखलासारखा व्हायचा. "घोटू नको, बेटी. एक थर वाळू दे, मंग दुसरा," रहेमान सांगायचा. ती खरवडायची, पुन्हा मांडायची. कधी डोळ्यांत पाणी नाही, याचंच त्याला नवल वाटायचं.

एका दुपारी तिच्या कॅनव्हासवरचे शेठजी थेट त्याच्याकडे बघायला लागले.

"जमलं," तो हळूच म्हणाला. "आता तुह्या माणसाले काढ."

तो माणूस हळूहळू उतरला. तिशीतला, भरल्या गालाचा. भुवईवर व्रण, ओठांच्या कोपऱ्यात हसू. रहेमान हळहळला. एवढं हसरं माणूस, अन् काय करून बसलं! त्यानं बारीक ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला.

"खाली नाव काय लिहू, बेटी? अन् तारीख?"

"नाव नोका लिहू. त्यानं सांगतलेलं नाव खोटंच निघालं." रंजिताची नजर चित्रावरून हलली नाही. "ठाणेदार म्हणे, नुसत्या वर्णनावर कोणाले धरू, फोटो आणा. साऱ्या तांड्याले बोगस बियाणं इकून गेला, तो हाच, चाचा."