उलटी धाव

चेंडू काखेत मारून टॅड रुडनिक पळाला, तो उलट्याच दिशेने.

नौदलाच्या संघातले धिप्पाड गडी त्याला आडवं करायला झेपावले आणि मध्येच थांबले. कशाला अडवायचं? बिचारा आपलंच काम करतोय. आता त्याच्यामागे जीव खाऊन धावत होते ते त्याच्याच संघातले.

"अरे ए गाढवा! तिकडे नाही! तिकडे आपलं घर आहे!"

एकाने तर सूर मारून त्याचा बूट धरला. बूट हातात आला, टॅड पुढे गेला. थेट स्वतःच्या गोलरेषेपलीकडे जाऊन तो थांबला आणि चर्चमध्ये बसावं तसा चेंडू पोटाशी धरून गुडघ्यांवर बसला. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन स्वतःच्याच रेषेमागे बसलं की गुण समोरच्याला; नौदलाला फुकटचे दोन गुण मिळाले. तेरा-बारा अशी हातात आलेली मॅच तेरा-चौदा अशी गेली. तीही नौदलापुढे, आणि खास ओमाहाहून आलेल्या जनरलसाहेबांच्या डोळ्यांदेखत.

नेब्रास्काच्या माळावरचा तो हवाई तळ बाँबफेकी विमानांचे चमू तयार करून इंग्लंडला धाडायला बांधला होता. तळप्रमुख कर्नल लाथ्रॉपच्या मते मात्र तो फुटबॉलसाठी बांधलेला होता; मधल्या वेळात कुणी विमानं उडवली तर त्याची हरकत नव्हती. त्रेचाळीस सालच्या त्या सीझनमध्ये त्याचा संघ तोवर एकदाही हरला नव्हता. कॉलेजांचे खरे खेळाडू सैन्यात गेलेले. मागे उरलेल्या चष्मेवाल्यांना लोळवायला फार शौर्य लागत नव्हतं. प्रशिक्षक होता तळाचा दंतवैद्य. सरावात पडलेले दात त्याच्याकडेच बसवायला जात, त्यामुळे त्याला कामाची कधी ददात पडली नाही. आणि खेळाडूला आघाडीवर पाठवायचं नाही, हा तळाचा अलिखित कायदा होता.

टॅड पेनसिल्व्हेनियातल्या खाणकामगाराचा मुलगा. मान बैलाची, बोलणं कमी. लेफ्टनंट हॉगनच्या विमानात शेपटीकडची मशीनगन त्याची. उन्हाळाभर दहा जणांचा तो चमू एकत्र उडला, एकत्र प्यायला, एकत्र शिक्षा भोगून आला. सप्टेंबरात अचानक हुकूम निघाला : रुडनिक फुटबॉलच्या संघात. त्याच्या जागी आलेल्या नव्या गनरला विमान लागायचं. तो शेपटीत बसून टोपीत ओकायचा.

टॅडने कर्नलला विनवून पाहिलं. कर्नल म्हणाला, "युद्ध कुठे पळून जातंय? सीझन तर संपू दे."

खानावळीत खेळाडूंच्या टेबलावर ताज्या गोमांसाचं स्टेक यायचं आणि विमानवाल्यांच्या ताटात डब्यातलं मांस. टॅड आत शिरला की हॉगनचीच पोरं ओरडायची, "या सरदार! बसा! नॅपकिन देऊ का?" सगळे खदखदून हसत. टॅडही हसायचा. पण मग त्याच्या घशाखाली स्टेक उतरत नसे. हॉगनचं विमान सोमवारी इंग्लंडला निघणार असं कळलं, त्या दिवशी तर त्याने ताट तसंच सरकवून दिलं.

शनिवारी तो उलटा पळाला.

मॅचनंतर कर्नलने त्याला उभं केलं तेव्हा अंगावर चिखल होता आणि एका पायात बूट नव्हता.

"रुडनिक, तुला दिशा कळत नाही?"

"कळते, सर."

"मग विकला गेलास?"

"नाही, सर."

कर्नलचा चेहरा बीटासारखा झाला. "चालता हो माझ्या तळावरून! सोमवारच्या विमानाने जा! त्या ओकणाऱ्या पोराला उतरव आणि त्याच्या जागी मर जाऊन!"

टॅडने कडक सलाम ठोकला. "हॉगनच्याच विमानाने ना, सर?"

कर्नलच्या डोक्यात प्रकाश पडेपर्यंत टॅड दाराबाहेर होता.

धावपट्टीच्या कडेला हॉगन आणि त्याचे गडी विमानात खोकी चढवत होते. टॅड लांबूनच ओरडत आला, "मी येतोय! कर्नलने हाकललं मला! मुद्दाम पळालो उलटा, तुमच्यासाठी!"

त्याला वाटलं होतं, पोरं त्याला खांद्यावर घेतील. एकही हलला नाही. एकाने हातातलं खोकं खाली ठेवलं आणि त्यावरच बसला.

"काय झालं?" टॅडने विचारलं. "अजून रागावलात का? त्या स्टेकवरून?"

हॉगन मिनेसोटाचा, थंड डोक्याचा माणूस. त्याला कधी कुणी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं.

"तुला संघात कुणी घातलं, टॅड?" त्याने विचारलं.

"कर्नलने."

"कर्नलला तू माहीत तरी होतास का? मी गेलो होतो त्याच्याकडे. म्हटलं, माझ्याकडे एक बैल आहे, तो तुम्हाला सगळ्या मॅच जिंकून देईल."

टॅड त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. "माझा नेम वाईट होता म्हणून?"

"तुझ्यासारखा नेम अख्ख्या तळावर कुणाचा नाही."

"मग का?"

हॉगनने पोरांकडे पाहिलं. सगळे बुटांकडे बघत होते. तो पहिल्यांदाच ओरडला.

"गेलेल्यांतले किती परत येतात, ते ऐकलंयस ना? आम्ही ठरवलं होतं, आपल्या दहांतल्या एकाने तरी म्हातारं व्हायचं! आणि फुटबॉल तुला एकट्यालाच येत होता, गाढवा!"